जिताडा ठेवायचा की सोडायचा? गटारीच्या तोंडावरचं सासरे-जावयाचं भांडण

वाचकाचं पत्र

दादा, मी घणसोलीला राहतो, आयटीत आहे, वय ३१. चार-पाच वर्षं झाली रॉडवर मासे पकडायचा नाद लागलाय. सासुरवाडी दिवाळे गावची, सासरे कोळी, सगळं आयुष्य होडीवर गेलं, आता वय झालं म्हणून माझ्याबरोबर रॉड घेऊन बसतात. गटारीच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघं बेलापूरच्या बाजूला जेट्टीवर होतो आणि माझ्या रॉडला जिताडा लागला, आयुष्यातला सगळ्यात मोठा. वर घेतला, टेप लावली, ३८ इंच लांब आणि पोटाचा घेर २३ इंच. मला सोडायचा होता. सासरे म्हणाले येडा झालास का, घरी वीस माणसं जेवायला येणार, आणि हाताला आलेली लक्ष्मी कोण परत फेकतं. मी म्हणालो फोटो काढू आणि सोडू, ते म्हणाले फोटो खाणार का. हे चालू असताना मासा तिथेच सिमेंटवर पडलेला आणि आमचं मिटायच्या आत तो मेला. घरी नेला, कापला तर आत दोन्ही बाजूंनी ही एवढी गाबोळी, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं, मला घास उतरेना. बायको म्हणते सोडायचाच असतो तर पकडता कशाला. मित्र म्हणतात तू खुनी आहेस. सासरे तेव्हापासून धड बोलत नाहीत. चूक कोणाची? पुढच्या वेळी काय करू? आणि मोठा मासा आठवण म्हणून भिंतीवर लावायचा तर काय करतात?

– गळाला लागलेला, घणसोली

उत्तर

गळाला लागलेल्या मित्रा,

चूक कोणाची हे आधी सांगतो नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. मासा सोडावा हे तुझं म्हणणं बरोबर होतं, पण ते तू बोललास कधी, तर मासा वर घेऊन, टेप लावून, तो सिमेंटवर पडल्यावर. तेव्हा वाद घालणं म्हणजे माशाच्या जिवावर वाद घालणं. सासऱ्यांना तरी काय माहीत की तू सोडणार आहेस, तू आधी कधी बोलला होतास का? तू पत्रात तसं लिहिलेलं नाहीस, म्हणजे नसशीलच. हे रॉड बॅगेत भरताना घरी ठरवायचं असतं. एवढ्या इंचाच्या वरचा सोडायचा, एवढ्याच्या खालचा सोडायचा, मधला घरी. जेट्टीवर मग फक्त टेप लावायची, तीपण मासा पाण्यात असताना, आणि चर्चा बंद.

आता ३८ इंचाचा का सोडायचा ते नीट समजून घे, कारण सासऱ्यांशी बोलताना 'निसर्ग वाचवा' छाप भाषण दिलंस तर ते उठून जातील आणि मी त्यांना दोष देणार नाही.

जिताडा जन्माला येतो तो बहुतेक नर म्हणून. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो, एक-दोन हंगाम तसा काढतो आणि मग वाढता वाढता मादी होतो. ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामुंडी म्हणतात, तिथे यावर भरपूर अभ्यास झालाय, आणि तिथे हा बदल साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात, ८५ ते १०० सेंटीमीटरच्या आसपास होतो. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं पण मीटरच्या जवळ गेलेला जिताडा म्हणजे जवळपास नक्की मादीच. तुझा ३८ इंच म्हणजे ९६ सेंटीमीटर, आणि गाबोळीने तर पुरावाच दिला. म्हणजे खाडीतले लहान जिताडे जवळपास सगळे नर आणि अंडी घालणाऱ्या बहुतेक त्या मोठ्या, ज्यांच्याबरोबर आपल्याला फोटो काढायचा असतो. मोठा मासा काढला की नेमकी मादी जाते, आणि तिच्या जागी दुसरी तयार व्हायला एका नराला आणखी काही वर्षं आपल्या सगळ्यांच्या गळाजाळ्यातून वाचून राहावं लागतं.

आणि अंडी वजनाच्या हिशेबाने वाढत नाहीत, त्याहून जास्त वेगाने वाढतात. मोठ्या जिताड्याच्या पोटात कोटीच्या घरात अंडी असतात. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तीनशेच्या वर समुद्री माशांच्या जातींचा हिशेब मांडला होता, त्यात कॉड माशाचं उदाहरण आहे, ३० किलोची एक कॉड मादी जेवढी अंडी घालते तेवढी दोन-दोन किलोच्या २८ माद्या मिळूनही घालत नाहीत, आणि त्या २८ जणींचं वजन होतं ५६ किलो. हे वाक्य सासऱ्यांना सांग. मासळीचा हिशेब त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा लवकर कळतो.

वेळसुद्धा बघ कशी. जिताडा पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो, आणि पिल्लं भरतीबरोबर आत खाडीत, खाजणात, भातखाचरांच्या कडेला वाढतात. रायगडात पेण-अलिबागकडे शेतकरी हीच पिल्लं धरून शेततळ्यात सोडतात आणि मोठा झालेला जिताडा मग कोणत्या साहेबाच्या घरी भेट म्हणून जातो ते तिकडच्या लोकांना विचार, हसतात फक्त. तर गटारी येते आषाढ अमावास्येला. अमावास्या म्हणजे उधाण, उधाणात मोठा मासा हलतो, यांत्रिक होड्या ३१ जुलैपर्यंत बंद म्हणून बाजारात मासळी महाग, आणि श्रावण लागायच्या आत सगळ्यांना पोटभर खायचंय. गाबोळीने भरलेल्या मादीसाठी वर्षातला याहून वाईट आठवडा शोधून सापडायचा नाही. मी गटारी बंद करा म्हणत नाहीये, मी स्वतः ताटावर बसणारा माणूस आहे, पण त्या आठवड्यात गळ टाकायचा तर काय सोडायचं ते पक्कं ठरवूनच टाकायचा.

सासरे यावर म्हणतील की जिताड्याची पिल्लं आता हॅचरीत होतात. होतात, खरं आहे. चेन्नईच्या सिबाने, म्हणजे निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने, १९९७ मध्ये ते जमवून दाखवलं. पण ती पिल्लं जातात तलावात आणि पिंजऱ्यात, पैसे मोजून. बेलापूरच्या खाडीत जे पोहतंय ते तिथल्याच माद्यांचं.

माझा सल्ला विचारशील तर दोन फुटांच्या खालचा सोड, तीन फुटांच्या वरचा सोड, मधला खुशाल घरी ने. हे आकडे हवेतून काढलेले नाहीत, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये कायदाच आहे की ५८ सेंटीमीटरच्या खालचा आणि १२० च्या वरचा बारामुंडी ठेवता येत नाही. खालची मर्यादा म्हणजे नराला निदान एकदा तरी हंगाम मिळावा, वरची म्हणजे म्हाताऱ्या माद्या राहाव्यात. वरची मर्यादा मी आपल्या खाडीसाठी मुद्दाम खाली आणलीय, कारण इथे १२० चा जिताडा बघायला नशीब लागतं आणि त्या नियमाने तुझी ती मादीसुद्धा ताटातच गेली असती. दोन ते तीन फुटांत तीन किलोपासून आठ-नऊ किलोपर्यंतचा मासा येतो. वीस माणसांना पाच-सहा किलोचा जिताडा आणि सोबत कोळंबी पुरते, आणि चवीला मधलाच बरा लागतो, मोठ्याचं मांस जाड रेषांचं होतं असं माझं मत आहे, यावर भांडायला मी कधीही तयार आहे.

खाण्यावरून अजून एक गोष्ट. ठाण्याची खाडी म्हणजे एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा, आणि सांडपाणी सगळ्या बाजूंनी. तुमची पनवेलची खाडी तिलाच येऊन मिळते. पारा माशाच्या अंगात साठत जातो, लहान माशाला मोठा खातो तसा तो वर वर चढतो, त्यामुळे जेवढा मासा मोठा, म्हातारा आणि शिकारी, तेवढा त्याच्या मांसात जास्त. गरोदर बाई आणि लहान मुलांच्या ताटात मोठे शिकारी मासे वारंवार नकोत, हे डॉक्टर सगळीकडे सांगतात. घरी कोणी पोटुशी असेल तर तिला बोय, बोंबील, मांदेली द्या, मोठा जिताडा नको. सासूबाईंना हा मुद्दा पर्यावरणापेक्षा लवकर पटेल.

आता सोडायचं म्हणजे नक्की काय, कारण तुझी खरी अडचण तिथेच झाली. जेट्टीवरून मासा खेचून वर घ्यायचा, सिमेंटवर ठेवायचा, पाच मिनिटं फोटो आणि मग वरून पाण्यात टाकायचा, याला मी सोडणं म्हणत नाही, तो पुढे जाऊन कुठेतरी मरतो आणि आपण घरी जाऊन छाती फुगवतो. ओहोटीला पाणी खाली गेलं की जेट्टीवरून हात पोचतच नाही. मग एकतर पायऱ्या असलेली जागा निवड, नाहीतर दोरीने खाली सोडायचं गोल जाळं मिळतं ते घे, जाळी रबराची हवी, नायलॉनच्या गाठींनी खवलं आणि अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, तो थर गेला की माशाला बुरशी धरते. तापलेल्या सिमेंटवर तर तो थर भाजूनच निघतो. हात ओले कर. मासा आडवाच धर, एक हात जबड्याशी, एक पोटाखाली. जबड्याला वजनकाटा अडकवून लटकवलेल्या माशाचे फोटो छान येतात पण दहा-अकरा किलोचं वजन त्या एका सांध्यावर येतं, आणि आतलं सगळं खाली सरकतं. आणि कल्ल्यांना हात लावू नकोस, एक तर ते त्याचं फुप्फुस, दुसरं म्हणजे जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, बोट कापलं की रक्त थांबत नाही, सासऱ्यांच्या हातावर जुनी खूण असेलच, बघ.

पाण्याबाहेर कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात, मग तो कितीही तोंड हलवू दे, श्वास लागत नाही. त्यात तो तुझ्याशी झुंजून आधीच दमलेला, आणि कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी. म्हणून नियम सोपा ठेव, तू स्वतः श्वास रोखून धर, तुला घ्यावासा वाटला की मासा परत पाण्यात. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेव, शेपूट जोर करायला लागली आणि तुझ्या हाताला झटका बसला की सोड, त्याआधी नाही. मागेपुढे हलवत बसू नकोस, उलटं पाणी कल्ल्यात जातं.

झुंज लांबवायची नाही. हलकी लाईन, म्हणजे गळाचा दोरा, लावून अर्धा तास खेळवण्यात मर्दुमकी आहे असं काही जणांना वाटतं, सोडायचा असेल तर जाड लाईन लाव आणि लवकर आण. जिवंत बोय लावून बसत असशील तर सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) वापर, तो जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, साधा हुक पोटात जातो. हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाक. लूरला (खोट्या आमिषाला) तीन-तीन तोंडांचे हुक असतात ते काढून एकेरी लाव. पोटात गिळलेला हुक ओढून काढायचा नाही, लाईन तोंडाशी कापायची.

आणि हे सगळं करूनही कधीतरी कल्ल्यातून रक्त येईल. लालभडक, धार लागल्यासारखं. तो मासा जगत नाही. तेव्हा ४० इंचाचा असला तरी घरी ने, मान मोडून किंवा डोक्यात एक फटका मारून लगेच संपव, तडफडत ठेवू नकोस, बर्फात घाल आणि खा, मनाला काही लावून घ्यायचं नाही. त्या दिवशी मात्र रॉड गुंडाळायचा. एक घरी गेला, झालं.

तुझ्या बायकोचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. सोडायचाच तर पकडता कशाला. याला आपल्याकडे खरं उत्तर एकच आहे, आपल्याला मजा येते म्हणून. रॉडची रील (लाईनची चरखी) ओरडली की पोटात जे होतं त्याच्यासाठी. सोडून आपण माशावर उपकार करत नाही, त्याचा एक वाईट दिवस आपण केलेला असतो आणि तो शेवटचा ठरू नये एवढीच धडपड असते. तिला हे असंच सांग, उगाच संवर्धनाचं कारण पुढे करू नकोस, ती हसेल. जगातले कितीतरी लोक म्हणतात की खायचा नसेल तर पकडूच नये, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला सिद्ध करता येणार नाही. मी एवढंच करतो की सोडायचे मासे ज्या दिवशी जास्त लागतात त्या दिवशी रॉड लवकर गुंडाळून घरी जातो.

तुला खुनी म्हणणाऱ्या मित्रांना विचार की ते बाजारातून सुरमई आणतात ती कुठून येते. आणि त्याच दमात तूही कोळ्यांना सुनवायला जाऊ नकोस. ज्याच्या जाळ्यात ३८ इंचाचा जिताडा येतो त्याच्यासाठी तो डिझेल असतो, पोराची फी असते. आपण पगारावर जगून हौसेला येतो, आपल्याला सोडणं परवडतं, एवढाच फरक आहे. आणि सोडायचं काय ते कोळ्यांना शिकवायची गरज नाही, २०१८ पासून राज्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यविभाग मिळून एक योजना चालवतात, जाळ्यात कासव, बहिरी (व्हेल शार्क), करवत मासा असं संरक्षित काही अडकलं आणि मच्छीमाराने जाळं कापून ते सोडलं तर जाळ्याची भरपाई मिळते, २५ हजारांपर्यंत. हजारो रुपयांचं जाळं कापायला हातात सुरी घेऊन उभा राहिलेला तो माणूस आणि फोटोसाठी मासा अडवून धरलेले आपण, बघ बाबा.

(जाता जाता, ऐरोली ते वाशी पुलाच्या मधला खाडीचा मुंबईच्या बाजूचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर यादीतही (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) गेला. घणसोलीहून जवळ पडतं म्हणून तिकडे रॉड घेऊन जायचा मोह होईल, आधी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन विचार. नाहीतरी बघण्यासारखी जागा आहे.)

भिंतीचं म्हणशील तर मासा मारायची गरजच नाही. फायबरचा मॉडेल करून देणारे लोक आहेत, त्यांना लागतं काय तर लांबी, घेर आणि दोन्ही बाजूंचे चांगले फोटो, आणि ते सगळं मासा ओल्या पोत्यावर आडवा असताना अर्ध्या मिनिटात होतं. तुझ्याकडे दोन्ही मापं आहेतच, त्या दिवशी फोटो काढले असशील तर याच माशाचा करून घे. वजनाचा अंदाजही मापांवरून निघतो, इंचात लांबी गुणिले घेर गुणिले घेर, भागिले ८००, उत्तर पौंडात. तुझा निघतो २५ पौंड, म्हणजे साडेअकरा किलोच्या आतबाहेर. फोटो पाण्याच्या काठावरचा, जिवंतपणीचा दे, जिवंत जिताड्याच्या पाठीला जी हिरवट-सोनेरी झाक असते ती मेल्यावर राहत नाही आणि मग रंगवणारा आपल्या मनाने राखाडी रंगवून देतो. डोळ्याचा लालसर रंग सांगायला विसरू नकोस, रात्री टॉर्चच्या उजेडात तो निखाऱ्यासारखा चमकतो.

राहिले सासरे. लक्ष्मी परत फेकत नाहीत हे त्यांचं म्हणणं हट्टाचं नाही, भुकेचे दिवस बघितलेल्या माणसाचं आहे, तेव्हा त्याला शास्त्राने उत्तर देऊ नकोस. त्यांना महाडजवळच्या वाळण कोंडीला घेऊन जा. वरदायिनी देवीच्या पायाशी नदीचा खोल डोह आहे, त्यात हाताएवढे, मांडीएवढे महाशीर मासे, लोक कुरमुरे टाकतात आणि एक मासा कोणी पकडत नाही, पिढ्यानपिढ्या. मोठ्या माशाला हात लावायचा नाही ही गोष्ट आपल्याकडे बाहेरून आलेली नाही एवढं तिथे उभं राहिलं की कळतं, तुला काही बोलावंच लागणार नाही.

तसा श्रावण चालू आहे, त्यांच्या डोक्यात आत्ता मासे नाहीत, नारळी पौर्णिमेला दिवाळ्याला जा, नारळ वाहून झाला की चहा पिताना विषय काढ. आधी त्या दिवशी जेट्टीवर आवाज चढवल्याबद्दल सॉरी म्हण, तुझा चढला असणारच. मग सांग की दोन ते तीन फुटांमधला पहिला मासा तुमच्या घरी, साफ करून, बर्फात, मी आणून देणार, आणि तीन फुटांच्या वरचा माझ्या रॉडला लागला तर तो कसा सोडायचा ते तुम्ही मला दाखवायचं, पायऱ्यांवर खाली तुम्ही उभे राहायचं, कारण ओहोटीचा ओढ तुमच्याएवढा मला कळत नाही. बहुतेक ऐकतील. नाहीच ऐकले तर त्यांच्या रॉडचा मासा त्यांचा, तुझ्या रॉडचा तुझा, एवढं तरी गळ टाकायच्या आधी दोघांनी कबूल करून घ्या.